माणिकडोहचे बिबटे : निवारा केंद्रातल्या आयुष्याची ओळख

जुन्नरच्या पश्चिमेला कुकडी नदीवर माणिकडोह धरण आहे. त्या धरणाच्या परिसरात महाराष्ट्र वन विभागाचे बिबट निवारा केंद्र आहे. या शतकाच्या आरंभी ते सुरू झाले आणि पुढे ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेच्या साथीने वाढले. चाळिसेक बिबट्यांची सोय असलेल्या या केंद्रात एकही जनावर लोकांना दाखवण्यासाठी आणलेले नाही. कोणी उसाच्या फडाकडेला लावलेल्या पिंजऱ्यात सापडलेला, कोणी विहिरीत पडलेला, कोणाचा पाय तारेच्या फासात चिरलेला, तर कोणी डोळेही न उघडलेल्या वयात आईपासून तुटलेला. पुन्हा मोकळे सोडता येतात ते थोडे लवकर जातात. उरलेल्यांचे बाकीचे सारे आयुष्य इथेच जाते, आणि बंदिवासात बिबट्या वीस वर्षांपर्यंत जगू शकतो. ही जबाबदारी मुळात अंगावर येते कशी आणि ती रोजच्या रोज निभावली कशी जाते, या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडून समजत नाहीत. आतल्या जनावराला नीट सांभाळणे हे केंद्राचे अर्धे काम. आत येणाऱ्यांची संख्या कमीत कमी राहील हे पाहणे हे दुसरे अर्धे, आणि ते जास्त कठीण आहे.

या केंद्राची गोष्ट उसापासून सुरू होते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके जुन्नर वन विभागात येतात. पश्चिमेकडे सह्याद्रीचे कडे आणि घाटमाथ्याची राने, पूर्वेकडे उघडे पठार. या पठारावर पूर्वी पावसाच्या भरवशावर बाजरी-ज्वारी होई. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली, कालव्यांना पाणी आले, साखर कारखाने उभे राहिले आणि बाजरीच्या जागी ऊस आला. बारा ते अठरा महिने उभे राहणारे, माणसाच्या डोक्यावर जाणारे, पाटाच्या पाण्याने थंड राहणारे हे पीक बिबट्याला लपायला रानाइतकेच सोयीचे ठरले. आत रानडुकरे, ससे, घुशी. कडेला वस्त्यांवरची कुत्री, शेळ्या, वासरे, खुराड्यातल्या कोंबड्या. मादी फडातच विते आणि पिल्ले तिथेच वाढतात. आज या भागात फिरणाऱ्या बिबट्यांपैकी अनेकांनी दाट जंगल कधी पाहिलेले नाही. ‘जंगलातला बिबट्या गावात शिरला’ असे बातमीत छापून येते तेव्हा तो बहुधा शिरलेला नसतो; कित्येक महिने तिथेच राहत असतो आणि त्या दिवशी फक्त दिसलेला असतो.

शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला पाचेक प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत खाद्याचा फार मोठा हिस्सा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात पहिला क्रमांक कुत्र्यांचा होता. इतके बिबटे इतक्या माणसांत राहूनही अभ्यासाच्या काळात तिथे बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावला नव्हता. देशपातळीवर २०२२ साली झालेल्या गणनेत भारतात १३,८७४ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. त्यात १,९८५ बिबट्यांसह महाराष्ट्र मध्य प्रदेशाच्या खालोखाल दुसरा. हा आकडा मुख्यतः वनक्षेत्रांतला आहे. उसातले बिबटे त्यात पुरते धरलेले नाहीत, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा लागतो.

जुन्नरचे नाव देशभर गेले ते २००१ नंतर. माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर हल्ले होऊ लागले, गावे भयभीत झाली आणि वन विभागावर बिबटे पकडण्याचा दबाव आला. २००१ ते २००३ या तीन वर्षांत शंभराच्या वर बिबटे जेरबंद झाले. पकडलेल्यांपैकी कित्येकांना दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. हेतू चांगला होता: जनावराचा जीव वाचावा आणि गावही सुरक्षित व्हावे. नंतरच्या अभ्यासात मात्र उलटेच चित्र दिसले. मोहिमेआधी या भागात वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहिमेच्या काळात ते सतरावर गेले, आणि त्यांतले जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. जिथे बिबटे नेऊन सोडले त्या जंगलांच्या आसपासही, जिथे पूर्वी फारसा त्रास नव्हता, हल्ले सुरू झाले.

यामागची कारणे बिबट्याच्या राहणीत आहेत. प्रौढ बिबट्या आपला मुलूख धरून राहतो. कोणत्या ओढ्याला पाणी, कोणत्या वस्तीवर कुत्री मोकळी सुटतात, माणसे केव्हा शेतावर येतात आणि केव्हा घरी जातात, हे सगळे त्याने वर्षानुवर्षांच्या रात्रींत शिकलेले असते. अनोळखी रानात सोडल्यावर हे ज्ञान शून्यावर येते. पिंजऱ्यातली धडपड, गर्दीचा गोंगाट, भुलेचे औषध, ट्रकचा प्रवास यांनी हैराण झालेले ते जनावर माणसाच्या आणखी जवळ येते, किंवा घराच्या ओढीने मैलोन्‌मैल चालू लागते. इकडे त्याची रिकामी झालेली जागा फार काळ रिकामी राहत नाही. एखादा तरुण, अननुभवी नर ती धरतो. गावाला एका ओळखीच्या बिबट्याच्या जागी एक अनोळखी बिबट्या मिळतो.

चालत परत जाण्याच्या या ओढीचे सर्वांत गाजलेले उदाहरण ‘आजोबा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या नराचे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर भागातल्या विहिरीतून त्याला काढण्यात आले. गळ्यात जीपीएस पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडले. महिनाभरात रस्ते, रेल्वेमार्ग, गावे आणि कारखाने ओलांडत, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर पुढे २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला. पट्ट्यातून मिळालेल्या नोंदींनी एक गोष्ट ठामपणे दाखवली: बिबट्या कुठे राहील हे माणसाने ठरवून भागत नाही. २०११ सालीच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मानव-बिबट संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. केवळ दिसला म्हणून बिबट्याला पकडू नये आणि पकडलाच तर दूर नेऊन सोडू नये, असा त्यांचा रोख होता.

मग दूरही सोडायचे नाही आणि गावकरी जवळ सोडू देत नाहीत, अशा जनावराचे करायचे काय? या कोंडीतून निवारा केंद्राचे पिंजरे भरत गेले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. त्याला पकडायचे असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि मारण्याची परवानगी तर त्याहून कठोर अटींवर मिळते. त्यामुळे हल्ल्याच्या संशयाने पकडलेले बहुतेक बिबटे जिवंत राहतात, पण मोकळे होत नाहीत. नेमका हल्लेखोर हाच का, याची खात्री करणे फार अवघड असते. पिंजरा लावला की आधी जो भुकेला असेल तो सापडतो, आणि त्या भागात तर तीन-चार जनावरे फिरत असतात. केंद्रात आयुष्य काढणाऱ्यांत माणसाला कधीच न शिवलेले बिबटे असणार, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

केंद्राकडे येणाऱ्या वाटांपैकी पिंजऱ्याची वाट सर्वांत मोठी. पिंजऱ्याचे दोन भाग असतात. मागच्या भागात जाळीच्या आड शेळी किंवा कोंबड्या ठेवलेल्या असतात. पुढच्या भागात जमिनीलगत एक फळी असते. फळीवर पाय पडला की वर अडकवलेला दरवाजा खटकन खाली येतो. सावज जाळीआड सुरक्षित राहते, पण बिबट्या रात्रभर गजांशी झुंजतो. तो लोखंड चावतो, नाकाने आणि कपाळाने दाराला धडका देतो. सकाळी पाहावे तर नाकाचे कातडे सोललेले, नखे मुळातून उखडलेली आणि अनेकदा सुळा मधोमध मोडलेला. हा मोडका सुळा फार काही ठरवून जातो. बिबट्या भक्ष्याचा गळा किंवा मान धरून ते गुदमरवतो, आणि सुळ्याशिवाय ती पकड बसत नाही. सुळा मोडून आतला गर उघडा पडला तर तो सडतो आणि जबड्याच्या हाडापर्यंत पू होतो. केंद्रातल्या पशुवैद्यकाला त्याच्या दाताचे रूट कॅनाल करावे लागते किंवा दात काढावा लागतो. अशा बिबट्याला मोकळे सोडले तर तो सोप्या सावजाच्या शोधात गोठ्याकडेच वळणार. पिंजरा सकाळी लवकर पाहिला जावा, त्यावर लगेच कापड टाकले जावे आणि बघ्यांना दूर ठेवावे, या साध्या वाटणाऱ्या सूचनांवर त्या जनावराचे सारे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

दुसरी वाट विहिरीची. या भागात कठडा नसलेल्या, जमिनीशी सपाट तोंडाच्या विहिरी शेकड्यांनी आहेत. रात्री मांजर-कुत्र्याच्या मागे धावताना बिबट्या थेट आत जातो. तो पोहतो, कपारीला धरून राहतो, पण बांधीव भिंत चढू शकत नाही. पूर्वी विहिरीवर गर्दी जमून दगड पडत. आता बहुतेक गावांत वन विभागाला फोन जातो. आधी दोरखंडांनी बाज किंवा फळी खाली सोडतात, म्हणजे दमलेले जनावर तिच्यावर बसून दम खाते. मग पिंजरा उतरवतात आणि बिबट्या त्यात शिरला की दार पाडतात. जखम नसेल तर अशा बिबट्याला तपासून त्याच परिसरात सोडणे हेच योग्य, आणि तसे अनेकदा होतेही.

भूल द्यावी लागते तेव्हा काम जास्त नाजूक होते. बेशुद्धीचे औषध भरलेली सुई बंदुकीने किंवा फुंकनळीने मांडीच्या मांसल भागात मारावी लागते. औषध चढायला दहा-पंधरा मिनिटे जातात. लोकांना वाटते, सुई लागली की जनावर पडले. खरे तर तो मधला वेळच सर्वांत धोक्याचा. घाबरलेला बिबट्या त्या वेळात गर्दीतून वाट काढतो आणि माणसे जखमी होतात. बेशुद्ध बिबट्याचे डोळे उघडेच राहतात. त्यांत मलम घालून वर कापड बांधले नाही तर बुबुळ कोरडे पडते. शरीराचे तापमान चढते, म्हणून पायांच्या गाद्यांवर आणि पोटावर पाणी मारावे लागते. श्वास मोजणारा एक माणूस शेवटपर्यंत डोक्याशी बसून असतो.

तारेचे फास आणि रस्ते या दोन वाटांनी येणारे बिबटे सहसा फार वाईट अवस्थेत असतात. रानडुकरांसाठी लावलेला क्लच वायरचा फास कमरेत आवळला तर आतडी, मूत्रपिंडे, मणका सगळेच दुखावते. पुणे-नाशिक महामार्गावर वाहनाने उडवलेल्यांपैकी वाचतात ते बहुधा मणक्याला मार बसलेले किंवा तीन पायांवर आलेले.

आणि मग पिल्ले. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. फडाच्या कडेकडून तोड आत सरकत जाते आणि अचानक कोयता थांबतो: पाचटात दोन किंवा तीन पिल्ले, मांजरीच्या पिल्लांएवढी, ठिपके अजून धुरकट, कधी डोळे मिटलेले. मादी जवळच्या फडात दबून बसलेली असते, माणसांमुळे पुढे येत नाही. पूर्वी लोक ती पिल्ले दयेपोटी उचलून वन विभागाकडे देत, आणि तिथेच त्यांचे रानातले आयुष्य संपे. बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या पिल्लाला शिकार शिकवणारे कोणी नसते. त्याहून घातक म्हणजे त्याला माणसाची भीती उरत नाही. बिबट्याचे पिल्लू दीड-दोन वर्षे आईबरोबर फिरून जे शिकते, ते कोणत्याही केंद्राला शिकवता येत नाही.

जुन्नरच्या वन कर्मचाऱ्यांनी आणि पशुवैद्यकांनी गेल्या दोन दशकांत या पिल्लांसाठी जी पद्धत रूढ केली, ती या केंद्राची सर्वांत मोलाची कामगिरी मानावी लागेल. पिल्लांची जागेवर तपासणी होते: नर की मादी, वजन, अंगावरच्या गोचिडी, अशक्तपणा. ओळखीसाठी तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप टोचतात. मग फडाच्या मालकाला आणि टोळीच्या मुकादमाला विनंती केली जाते की आज संध्याकाळपासून इथली तोड थांबवावी. मावळतीच्या सुमारास पिल्ले प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, जिथे सापडली नेमक्या त्याच जागी ठेवतात. क्रेट असा की पिल्लांना बाहेर भरकटता येऊ नये, पण मादीला तो सहज कलंडवता यावा. आसपास कॅमेरा ट्रॅप लावून सगळे दूर जातात. चित्रफितींत दिसते ते असे: मादी आधी लांबून वास घेते, क्रेटभोवती एक फेरी मारते, पंजाने तो आडवा करते आणि एका पिल्लाला मानेच्या कातडीला धरून अंधारात जाते. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते. एखाद्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा क्रेट ठेवतात. अशी पिल्ले आईकडे गेल्याच्या घटनांची संख्या आता शंभराच्या पुढे आहे. मादीच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे. पिल्ले हरवलेली मादी कित्येक दिवस त्याच शिवारात बेचैन फिरते, आणि तिथे ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात.

या सगळ्या गाळणीतून जे परत जाऊ शकत नाहीत, तेच केंद्राचे कायमचे रहिवासी. अपंग, अंध, सुळे गेलेले, माणसाच्या हातावर वाढलेले, आणि हल्ल्याच्या ठपक्याने ज्यांना सोडण्याची परवानगी मिळत नाही ते.

नवा आलेला बिबट्या आधी इतरांपासून वेगळा ठेवतात. रक्त, विष्ठा, दात, जखमा यांची तपासणी होते, जंताचे औषध दिले जाते, लशी टोचल्या जातात. पहिल्या आठवड्यात तो कोपऱ्यात दबून बसतो, माणूस दिसताच गजांवर झेपावतो, अनेकदा खाणेही नाकारतो. त्याला आडोसा देणे हा पहिला उपचार. चारही बाजूंनी उघड्या पिंजऱ्यात बिबट्या शांत होऊ शकत नाही. त्याला पाठ टेकायला भिंत, लपायला खोका आणि चढायला उंच जागा लागते. रात्रीची खोली बंदिस्त आणि अंधारी. तिला जोडून मोकळे आवार, त्यात माती, गवत, झाडाचे ओंडके, लाकडी माची. जनावराच्या अपंगत्वाप्रमाणे आणि वाढत्या वयाप्रमाणे ही मांडणी बदलावी लागते. उडी मारता येत नाही त्याच्यासाठी माचीला उतरण करतात, आणि आंधळ्याच्या आवारातल्या वस्तूंच्या जागा कधीच हलवत नाहीत.

दिवसाची आखणी कडक असते आणि तिच्यामागे सुरक्षिततेचा विचार असतो. सकाळी बिबट्याला आवारातून खोलीत घेतात किंवा खोलीतून आवारात सोडतात. मधले सरकते दार पडल्याची आणि कुलूप लागल्याची खात्री दोन माणसांनी केल्यावरच कोणी झाडायला आत जातो. जनावर आणि माणूस एका जागेत कधीही नसतात, मग ते जनावर कितीही लहानपणापासून वाढवलेले असो. राखणदार बहुतेक आसपासच्याच गावांतले. यांच्यापैकी कित्येकांच्या स्वतःच्या शेळ्या बिबट्याने नेलेल्या असतात. तरी रोजच्या सहवासाने कोण खाण्याआधी मांस पाण्यात बुडवतो, कोणाला पावसात भिजायला आवडते, कोण अनोळखी आवाजाने दोन दिवस उपाशी राहतो, हे त्यांना पाठ असते. पशुवैद्यकाला आजाराची पहिली बातमी नेहमी त्यांच्याकडूनच कळते, कारण आजार लपवणे हा मांजरकुळाचा स्वभावच आहे. जखमेची पाहणी किंवा इंजेक्शन यासाठी एक बाजू सरकणारा अरुंद पिंजरा वापरतात, म्हणजे दर वेळी भूल द्यावी लागत नाही.

खाणे हा वरकरणी सोपा आणि प्रत्यक्षात बारकाव्यांचा विषय आहे. प्रौढ बिबट्याला दिवसाला दोन-तीन किलो मांस लागते. महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी असल्याने प्राणिसंग्रहालये आणि निवारा केंद्रे म्हशीच्या मांसावर किंवा कोंबडीवर चालतात. नुसते लुसलुशीत मांस पुरत नाही. रानात बिबट्या हाडे, यकृत, आतडी, कातडे असे सगळे खातो. हाडांतला चुना मिळाला नाही तर वाढत्या पिल्लांची हाडे वाकतात आणि साध्या उडीत मोडतात. टॉरिन नावाचे द्रव्य मांजरकुळाचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. ते मांसातूनच यावे लागते. कमी पडले तर हृदय आणि दृष्टी दोन्ही बिघडतात. जीवनसत्त्व ‘अ’ भाजीपाल्यातून तयार करण्याची सोयही या कुळाला नाही, म्हणून यकृत द्यावे लागते. आठवड्यातून एक दिवस उपास असतो. रानात रोज शिकार मिळत नाही; बसून राहणाऱ्या जनावराचे वजन आवाक्यात ठेवायलाही तो उपयोगी पडतो.

खाद्यातून रोग येण्याचा धोका किती खरा आहे, हे २०२४ च्या डिसेंबरात नागपूरजवळच्या गोरेवाडा बचाव केंद्रात दिसले. तिथे तीन वाघ आणि एक बिबट्या काही दिवसांच्या अंतराने मेले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. त्यानंतर राज्यातल्या अशा केंद्रांना कोंबडीच्या पुरवठ्याकडे नव्याने पाहावे लागले. मोकाट कुत्र्यांमधून येणारा कॅनाइन डिस्टेंपर हा तितकाच भयंकर. गीरमध्ये २०१८ साली सिंहांचा बळी घेणारा हाच विषाणू. म्हणून केंद्राच्या आवारात भटकी कुत्री येऊ न देणे, पाय बुडवायला जंतुनाशकाची ताटली, प्रत्येक विभागाची वेगळी अवजारे, हे नियम कंटाळा न करता पाळावे लागतात.

शरीर सांभाळले तरी मन उरतेच. बिबट्या रात्री कित्येक किलोमीटर चालणारा, सतत वास घेत, ऐकत राहणारा प्राणी. त्याला करायला काही नसले तर तो कुंपणाच्या एका बाजूने येरझारा घालू लागतो, त्याच जागी, त्याच वळणावर, तासन्‌तास. जमिनीवर पायवाट पडते. यावर उपाय म्हणजे त्याच्या दिवसात अनिश्चितता आणणे. मांस कधी ओंडक्याच्या ढोलीत दडवायचे, कधी दोरीने उंच टांगायचे. उन्हाळ्यात मांस गोठवलेला बर्फाचा गोळा द्यायचा. जुन्या रबरी पट्ट्यांचा झोपाळा बांधायचा. नखे घासायला मऊ सालीचे लाकूड ठेवायचे. दुसऱ्या प्राण्याच्या वासाचे गवत आवारात टाकायचे. अशा एखाद्या गोष्टीत बिबट्या अर्धा तास रमला तर तो अर्धा तास येरझारांतून वाचतो. येरझारा पूर्ण थांबतातच असे नाही, विशेषतः प्रौढ वयात पकडलेल्यांच्या. त्यांच्या बाबतीत दुःख कमी करणे एवढेच हाती असते, आणि चांगले केंद्र ते नाकारत नाही.

केंद्रात पैदास होऊ देत नाहीत. नर-मादी वेगळे ठेवतात किंवा शस्त्रक्रिया करतात. पिंजऱ्यात जन्मलेले पिल्लू पिंजऱ्यातच मरणार, आणि त्याने अडवलेली जागा उद्या फासातून सुटलेल्या जखमी बिबट्याला मिळणार नाही. या नियमामागे देशाचा जुना अनुभवही आहे. केंद्र सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने सर्कशीत वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यानंतर सर्कशींतून शेकडो प्राणी बाहेर आले. त्यांच्यासाठी बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर अशा ठिकाणी केंद्रे उभारावी लागली. त्यांतले बरेचसे सिंह आशियाई आणि आफ्रिकी अशा मिश्र वंशाचे होते, त्यांना कोणत्याच रानात जागा नव्हती. पैदास थांबवून, नैसर्गिक मृत्यूपर्यंत सांभाळून तो वर्ग हळूहळू संपवण्यात आला. अमेरिकेत प्रश्नाचे मूळ आणखी वेगळे होते. तिथल्या आश्रयस्थानांत येणारे वाघ-सिंह लोकांनी घराच्या अंगणात पाळलेले असत. अशा खासगी मालकीवर देशव्यापी निर्बंध आणणारा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला. सर्कस बंद करता येते, खासगी मालकीवर कायदा करता येतो. उसातले बिबटे मात्र कोणाच्या मालकीचे नाहीत आणि त्यांचा ओघ कायद्याने थांबणारा नाही.

म्हणून माणिकडोहचे भवितव्य केंद्राच्या कुंपणाबाहेर ठरते. विहिरीला कठडा, गोठ्याला वरूनही बंद होणारी जाळी, रात्री शेतीला पाणी देण्याऐवजी दिवसा वीज, वस्तीजवळ शेळ्या-कोंबड्यांचे अवशेष उघड्यावर न टाकणे, अंधार पडल्यावर मुलांना एकटे न सोडणे: ही कामे बिबट्याइतकीच माणसाच्या जिवाची आहेत. मूल गमावलेल्या घराचे दुःख भरपाईने भरून येत नाही. तरी बळी गेलेल्याच्या वारसांना मिळणारी मदत राज्याने आता २५ लाख रुपयांवर नेली आहे, आणि ती वेळेत पोहोचते तिथे पुढच्या वेळी विष घालण्याचा विचार मागे पडतो. बिबट्यांच्या निर्बीजीकरणाचा प्रस्तावही पुढे आला आहे. त्याने पुढची वाढ मंदावू शकेल, पण आज फडात असलेल्या बिबट्याची भूक आणि सवयी तशाच राहतील. जुन्नर तालुक्यात आंबेगव्हाण येथे बिबट सफारी करण्याची योजना आहे. ती झाली तरी निवारा केंद्राने तिच्यापासून वेगळे राहणे इष्ट. जखमी आणि भेदरलेल्या जनावराला पाहुण्यांची रांग सोसत नाही, आणि प्रेक्षक मोजले जाऊ लागले की कोणते बिबटे पकडायचे याचेही निकष नकळत बदलू शकतात.

केंद्रातल्या जुन्या रहिवाशांचे शेवटचे दिवस साधारण सारखे असतात. पंधरा वर्षांपुढे सांधे आखडतात, मोतीबिंदू होतो, नखे झिजत नाहीत म्हणून वळून गादीत रुततात आणि कापावी लागतात. दात गेलेल्यांना मांस बारीक करून देतात. शेवटी बहुधा मूत्रपिंडे थकतात. मृत्यूनंतर पशुवैद्यक शवविच्छेदन करतात, अवयवांचे नमुने प्रयोगशाळेकडे जातात, आणि वन अधिकाऱ्यांच्या समक्ष पंचनामा होतो. कातडे, नखे, सुळे, मिशा सर्व जागच्या जागी असल्याची नोंद करून संपूर्ण देह जाळतात, म्हणजे त्यातले काहीही चोरट्या व्यापारात जाऊ नये. शवविच्छेदनाचे टिपण त्या जनावराच्या आल्यापासूनच्या नोंदींना जोडले जाते: कोणत्या गावात सापडला, कोणते दात मोडले होते, काय खाल्ले, कोणत्या औषधाने गुण आला. भारतीय बिबट्याच्या म्हातारपणाविषयी आणि दीर्घ आजारांविषयी पशुवैद्यकांना जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग अशाच नोंदींतून आलेला आहे, आणि पुढच्या जखमी बिबट्याला भुलेची मात्रा किती द्यायची हे त्या पाहूनच ठरते.